अपघातात माझीही थोडी चूक होती. भरपाईचा दावा टिकेल का?

टिकेल. रक्कम कमी होईल, दावा बुडणार नाही.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाटलीपाड्याजवळ सर्व्हिस रोडवरून तुम्ही स्कूटरने थोडं उलट दिशेने येत होता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. टेम्पोने इंडिकेटर न देता वळण घेतलं, धडक बसली, पाय दोन ठिकाणी मोडला. आता टेम्पोच्या इन्शुरन्स कंपनीचा तपासनीस घरी येऊन सांगून गेलाय की चूक तुमचीही आहे, काही मिळणार नाही. नेटवरही तुम्ही वाचलंत की एक टक्का चूक असली तरी दावा संपतो.

मी ठाण्यात अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात काम करतो. वकील नाही, कागद लावणारा माणूस. पण हे ‘एक टक्का’ प्रकरण हल्ली दर दुसरा पक्षकार मोबाइलवर दाखवतो, म्हणून आधी तेच सांगतो.

तो नियम खरा आहे, पण आपला नाही. अमेरिकेत मेरीलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, अलाबामा ही राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन इथे तो अजून चालतो. वॉशिंग्टनने २०१६ साली पादचारी आणि सायकलस्वारांना त्यातून सूट दिली, मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने मात्र २०१३ मध्ये तो बदलायला नकार दिला. मूळ आहे १८०९ सालच्या एका इंग्रजी खटल्यात. डर्बी गावात एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा खांब टाकलेला, दुसरा माणूस दारूच्या गुत्त्यातून निघून तिन्हीसांजेला घोडा भरधाव सोडत आला आणि त्यावर आदळला. कोर्ट म्हणालं, नीट बघून आला असतास तर खांब दिसला असता, भरपाई नाही. खुद्द इंग्लंडने हा नियम १९४५ साली मोडीत काढला. आपल्याकडे तो असता तर घोडबंदर रोडवरचा एकही दावा उभा राहिला नसता.

आपल्याकडे ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट, दोघांची चूक टक्क्यांत वाटतं आणि तुमच्या वाट्याची टक्केवारी रकमेतून वजा करतं. म्हणजे भांडण ‘मिळणार की नाही’ याचं नसून ‘किती टक्के’ याचं आहे. आणि तुमची चूक सिद्ध करायची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर, म्हणजे कंपनीवर असते. टेम्पोवाल्याची चूकही फौजदारी खटल्यासारखी संशयातीत सिद्ध करावी लागत नाही. काय घडण्याची शक्यता जास्त, एवढ्यावर निकाल होतो.

इथे एक फरक पक्का डोक्यात ठेवा. नियम मोडणं वेगळं आणि त्यामुळे अपघात होणं वेगळं. हेल्मेट नसल्याचा दंड पोलिसांनी खुशाल करावा, पण तुमचा मोडलाय पाय. हेल्मेट असतं तरी तो मोडलाच असता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका मोटारसायकलवर तिघं बसल्याच्या प्रकरणात हेच सांगितलं: तिघं बसले हा गुन्हा असेल, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. लायसन्स नसल्याबद्दलही २००८ चा तसाच निकाल आहे. उलट दिशेने येणं मात्र तुम्हाला नडेल, कारण त्याचा धडकेशी थेट संबंध आहे. ते लपवायला जाऊ नका. स्पॉट पंचनाम्यात स्कूटर कुठे पडली, दुभाजकापासून किती अंतरावर, काचा कुठे सांडल्या, हे सगळं लिहिलेलं असतं. साक्षीत ‘मी बरोबर बाजूने येत होतो’ म्हणालात आणि उलटतपासणीत तोच पंचनामा समोर आला, की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. त्यापेक्षा सरळ सांगा: सर्व्हिस रोडवर कडेने, सावकाश येत होतो, टेम्पो इंडिकेटर न देता वळला.

टक्केवारी ठरते ती पहिल्या काही दिवसांत तयार झालेल्या कागदांवर, आणि त्यातला सगळ्यात दगा देणारा कागद हॉस्पिटलचा. कॅज्युअल्टीत डॉक्टर घाईत विचारतो, काय झालं? बरोबरचा मित्र म्हणतो, गाडीवरून पडला. डॉक्टर लिहितो ‘सेल्फ फॉल’, म्हणजे स्वतःहून पडला. झालं, कंपनीचा वकील तो एक शब्द वर्षभर चघळतो. तुमचा केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड आजच काढून बघा. तसं लिहिलं असेल तर कृपा करून खाडाखोड करून घेऊ नका, ते जास्त महागात पडतं. एफआयआर, टेम्पोवरची घासल्याची खूण, प्रत्यक्षदर्शी यांच्या जोरावर तो शब्द कोर्टात खोटा ठरवता येतो. जवळच्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज मात्र लगेच मागा, थोड्या दिवसांत जुन्यावर नवं रेकॉर्डिंग होतं.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला द्यायचा, असा २०२२ पासून नियम आहे. तपास अधिकाऱ्याकडे त्याची प्रत मागा.

आता पैशांचं. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ म्हणजे चूक कोणाची हे न बघता मिळणारी ठरीव रक्कम: मृत्यूला ५ लाख, गंभीर इजेला अडीच लाख. हाड मोडणं गंभीर इजेत येतं. दुसरी वाट कलम १६६ ची, इथे समोरच्याची चूक दाखवावी लागते, पण रकमेला वरची मर्यादा नाही.

तुम्ही वय ३४ आणि एसी दुरुस्तीचं काम लिहिलंय, कमाई महिना साधारण २२ हजार. समजा पायामुळे कमाईची ताकद १५ टक्के कमी झाली असं ट्रिब्युनलने मानलं. स्वतःचा धंदा असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे महिना ३०,८००, वर्षाचे ३,६९,६००. तुमच्या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा, १६. त्याचे १५ टक्के ८,८७,०४०. वर औषधपाणी, बुडालेली कमाई, यातना वगैरे मिळून समजा ४ लाख. झाले १२ लाख ८७ हजार. तुमची चूक २५ टक्के धरली तरी साडेनऊ लाखांच्या वर हातात येतात, व्याज वेगळं. तपासनीस ज्याला ‘काही नाही’ म्हणतोय ते हे.

या हिशोबातला १५ हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. डॉक्टर पायाचं अपंगत्व टक्क्यांत लिहून देतो, पण ट्रिब्युनलने बघायचं असतं की त्या माणसाच्या कामावर किती परिणाम झाला. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे छान उलगडलंय: डावा हात गेलेल्या सुताराचं नुकसान आणि त्याच हातासाठी सरकारी कारकुनाचं नुकसान एक नाही. तुम्ही शिडी चढता, आउटडोअर युनिट उचलता. हे साक्षीत तपशिलाने यायला हवं, आणि सर्टिफिकेट देणारा डॉक्टर कोर्टात यायला तयार आहे का, हे सर्टिफिकेट घेण्याआधी विचारा.

मेडिक्लेम मिळालाय म्हणून औषधाचे पैसे कापणार, असंही कंपनी म्हणेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये तशी कपात करता येत नाही असा निकाल दिलाय.

एक सापळा सांगतो. कंपनी कलम १६४ ची अडीच लाखांची ऑफर देते, आणि हॉस्पिटलचं बिल उरावर असताना माणूस सही करतो. ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा कायद्यानेच संपतो. मला विचाराल तर पाय किती बरा होतो ते कळेपर्यंत कशावरही सही नको. तपासनिसाला लेखी जबाब द्यायलाही तुम्ही बांधील नाही. तो त्यांच्या कंपनीसाठी काम करतो, बोलायला कितीही गोड असला तरी.

दावा दाखल करायची मुदत सहा महिन्यांची आहे, अपघाताच्या तारखेपासून. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर राहू नका, अर्ज मुदतीत टाका. तुम्ही ठाण्यात राहता आणि अपघातही ठाण्यातच, त्यामुळे ट्रिब्युनल ठाण्याचंच. उद्या कोणी नवी मुंबईत अपघात झालेला ठाणेकर हे वाचत असेल, तर त्यालाही राहत्या जागेवरून इथे अर्ज करता येतो.

वकील निवडताना फी लेखी ठरवा. मिळालेल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तरी तशी ऑफर घेऊन कोणीतरी हॉस्पिटलच्या वॉर्डातच गाठेल, त्याला हात जोडा. फी परवडत नसेल तर कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन मोफत वकिलासाठी पात्र आहात का ते विचारा. जाताना एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, बिलं, आधार आणि कमाई दाखवणारं जे असेल ते न्या, अगदी ग्राहकांकडून आलेल्या यूपीआयच्या नोंदीसुद्धा.