वाचकांचे प्रश्न : नुसतं बघून किती लक्षात राहतं?

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. क्लासमधे एक टेस्ट घेतली आणि आम्हाला सांगितलं की हा व्हिज्युअल लर्नर आहे, मेंदूला चित्रं शब्दांपेक्षा ६०,००० पट फास्ट समजतात, तेव्हा याला व्हिडिओच दाखवा. आम्ही तेच करतोय. बघताना तो म्हणतो सगळं समजलं, पण हृदयाची आकृती काढ म्हटलं की कागद कोराच. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी त्या ६०,००० चं सांगते. हा आकडा सगळीकडे फिरत असतो पण त्याच्यामागे कुठलंही संशोधन नाहीये. व्हिज्युअल लर्नरचंही साधारण तसंच. २००८ मधे हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे अभ्यास तपासले, आणि मुलाच्या 'स्टाइल'प्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. कुणाला चित्रं आवडतात कुणाला वाचायला आवडतं, ते खरंच आहे, पण मुलावर असा शिक्का बसला की वाचणं आपलं कामच नाही असं त्याला वाटायला लागतं आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

आणि प्लीज त्याला रागावू नका, 'समजलं' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाहीये. एकदा बघितलेलं चित्र परत समोर आलं की ओळखणं, यात आपला मेंदू जबरदस्त आहे. १९७३ मधे लायोनेल स्टँडिंग यांनी लोकांना तब्बल १०,००० फोटो दाखवले, प्रत्येक फोटो फक्त काही सेकंद, आणि नंतर दोन-दोन फोटो समोर ठेवून विचारलं की यातला आधी कुठला बघितला होता, तर लोकांनी दहातले आठ तरी बरोबर ओळखले. पण तेच फोटो कागदावर काढा म्हटलं असतं तर? व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला की मुलाला सगळं ओळखीचं दिसतं आणि ती ओळख त्याला ज्ञान वाटते, परीक्षेत मात्र समोर काहीच नसतं, तिथे आतून बाहेर काढावं लागतं.

याचं मूळ आपण बघतो कसे यातच आहे. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पकडणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास असतात, पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू फक्त १० लाखांच्या घरात, म्हणजे बरीचशी काटछाट डोळ्यातच होऊन जाते. त्यातही एकदम स्पष्ट दिसतं ते मधल्या छोट्याशा भागातच. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, साधारण तेवढाच. बाकी सगळं धूसर, म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारत राहतात आणि मधल्या जागा मेंदू आधीच्या अनुभवावरून भरून काढतो. आपल्याला मात्र वाटत राहतं की समोरचं सगळं लख्ख दिसतंय!

आता व्हिडिओत रक्त वाहतंय, रंग बदलतायत, बाण फिरतायत, मग नजर जाणार हलणाऱ्या गोष्टीवर. झडप कुठल्या दोन कप्प्यांच्या मधे आहे तिकडे ती गेलीच नसेल तर मेंदूत काय जाणार? डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ चा प्रयोग कदाचित तुम्ही ऐकला असेल, बॉलचे पास मोजण्यात गुंतलेल्या लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांना खेळाच्या मधून छाती बडवत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही. डोळे उघडेच होते, लक्ष दुसरीकडे होतं.

म्हणून व्हिडिओ बंद करू नका पण तुकड्यांत दाखवा. दोनेक मिनिटं झाली की पॉज, स्क्रीन झाकायची आणि आठवेल तशी आकृती काढायची, वेडीवाकडी चालेल. मग पुस्तक उघडून चुका दुसऱ्या रंगाने त्यानेच दुरुस्त करायच्या, तुम्ही नाही. काढायला बसलं की ही नळी डाव्या कप्प्यातून निघते का उजव्या हा प्रश्न त्याला पडणारच, नुसतं बघताना तो पडत नाही. नावं त्या-त्या भागाला लागूनच लिहू दे, चित्र आणि शब्द एकत्र असले की दोन्ही एकमेकांना आठवायला मदत करतात. परत दुसऱ्या दिवशी न बघता काढायची. आणि रात्रीची झोप कापू नका. १९९४ मधे अवी कार्नी आणि डोव सागी यांच्या टीमने दाखवलं की नजरेचं एक बारीक काम शिकलेल्या लोकांची त्यातली प्रगती रात्रीच्या झोपेत होत होती, आणि स्वप्नांच्या झोपेतून सारखं उठवलं तर होत नव्हती.

प्रश्न : मुलगी पाच वर्षांची आहे, तिचा एक डोळा आळशी निघाला. डॉक्टर म्हणतात चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा. सासूबाईंना पटत नाही, चांगला डोळा कशाला झाकायचा म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, पट्टी लावा, डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे तास रोज. सासूबाईंची शंका साहजिक आहे, त्यांना असं समजावून सांगा की आळशी डोळ्यात अडचण बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यात नसते, मेंदू त्या डोळ्याकडून येणारी माहिती बाजूला टाकायला शिकलेला असतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून बघितला, नंतर उघडला तर डोळा ठीकच होता पण मेंदूतल्या बहुतेक पेशी आता दुसऱ्या डोळ्यालाच दाद देत होत्या. मोठ्या मांजरात तसं झालं नाही. दृष्टीवरच्या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. चांगला डोळा थोडा वेळ झाकला की मेंदूला दुसऱ्याचं ऐकावंच लागतं. लहान वयात हे सगळ्यात चांगलं जमतं, पुढे फायदा कमी होत जातो, म्हणून आत्ता टाळू नका. पट्टी असताना तिला रंगवायला, मणी ओवायला द्या, नुसतं बसवू नका. आणि फॉलोअपच्या तारखा चुकवू नका, कारण चांगल्या डोळ्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

प्रश्न : सहा वर्षांचा नातू ३ च्या जागी ६ काढतो, ६ च्या जागी ३. लक्ष नसतं का त्याचं?

उत्तर : लक्षाचा प्रश्न नाही आजोबा. निसर्गात वस्तू डावीकडून बघा की उजवीकडून, वस्तू तीच असते, मांजराचं तोंड इकडे असो नाहीतर तिकडे मांजर ते मांजरच, आणि मेंदू जन्मापासून याच हिशोबाने चालतो. अक्षरं-आकडे आले की पहिल्यांदाच त्याला सांगितलं जातं की दिशा बदलली तर वस्तू बदलली. वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग हळूहळू अक्षरांसाठी तयार होतो, तोवर असा घोळ चालायचाच. बोटाने हवेत किंवा वाळूत मोठा आकडा गिरवायला लावा, हाताला दिशा कळली की नजरेलाही कळते. आठ वर्षांनंतरही राहिलं आणि वाचनही अडखळत असेल तर मात्र तज्ज्ञांना दाखवा.