नवी सनद आणि चर्चची कमिटी

सांगली-मिरजेत नवी वकिली, त्यात चर्च कमिटीचं बोलावणं? जरूर जा. पण कार्यकारिणीत बसलात की त्याच संस्थेचं वकीलपत्र घेता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. नवे वकील हमखास इथेच चुकतात. सल्ला द्या, केस दुसऱ्याकडे द्या. चर्चच्या ट्रस्टचे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करायचा अर्ज). ट्रस्टची जमीन विकायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी, इसार नंतर. (उलटं करणारेच जास्त!)

मोफत विधी सेवेच्या पॅनेलला साधारण 3 वर्षांची वकिली लागते. तोवर कायदेविषयक शिबिरांत राबा.

घरचं म्हणाल, तर रविवारी पक्षकार नको. सोमवारच्या फायली शनिवारीच वाचा.