भुसा दिसला त्या दिवशी

‘रक्तात हेपॅटायटिस निघाला होता, तरी गुडघा बदलून घेतला, आता जखम चिघळली, ती त्याचीच शिक्षा ना?’ हा प्रश्न कोकणात समुपदेशन करताना मी इतक्यांदा ऐकला आहे की, एका काकूंची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

काकू राजापूर तालुक्यातल्या, वय 63, घरची हापूसची कलमे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या रक्ततपासणीत त्यांना हेपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा संसर्ग, असल्याचे कळले. 1988 साली बाळंतपणात त्यांना रक्त चढवले होते. हा विषाणू मुळात ओळखला गेला 1989 साली, त्यामुळे त्या वेळी रक्तपेढीत त्याची तपासणी होणे शक्यच नव्हते. यकृताचे काम ठीक होते आणि वेदना असह्य होत्या, म्हणून शस्त्रक्रिया आधी आणि विषाणूवरची औषधे नंतर असे ठरले. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांच्या खालच्या टोकाशी पाणी झिरपू लागले, गुडघा गरम लागू लागला, आणि काकूंनी ते नऊ दिवस कोणालाही सांगितले नाही. लेकीला साडीवर डाग दिसला तेव्हा उलगडा झाला. गुडघा पुन्हा उघडून धुवावा लागला.

त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या. मी पाणी विचारले, तर त्यांनी पिशवीतून स्वतःचे स्टीलचे फुलपात्र काढले. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. घरीही तेच वेगळे ठेवलेले. नातवाला हाताने घावन भरवणे तर केव्हाच बंद केले होते.

‘इतके दिवस का नाही सांगितलंत?’

‘कोणत्या तोंडानं सांगू, ताई? माझं रक्तच नासकं. त्याला दुसऱ्या कुणी हात का लावावा?’

हा विषाणू रक्तातून पसरतो, एका ताटात जेवल्याने किंवा जवळ घेतल्याने पसरत नाही, हे मी समजावले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि फुलपात्र विसळून पुन्हा पिशवीत ठेवले.

माझा पिंड विवेकनिष्ठ विचारसरणीवर पोसलेला आहे. घडलेल्या गोष्टीला माणूस जो अर्थ चिकटवतो तो सापडल्याखेरीज कोरी माहिती मनात उतरत नाही, असे मी मानते. काकूंच्या बाबतीत तो अर्थ चौथ्या भेटीत हाती लागला, तोही कलमांची सहज चौकशी करताना.

‘एका जुन्या कलमाला भिरूड, खोड पोखरणारी अळी, लागली होती,’ त्या म्हणाल्या. ‘खोडाशी भुसा पडलेला दिसला, त्याच दिवशी गड्याकडून तार घालून अळी काढवली, औषधाचा बोळा बसवला आणि भोक चिखलानं लिंपून घेतलं.’

‘कलमाला बोल लावलात?’

‘कलमाचा काय दोष हो त्यात!’

‘आणि भुसा दिसूनही नऊ दिवस थांबला असता तर?’

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग गुडघ्यावरच्या व्रणावर तळहात ठेवून हळूच म्हणाल्या, ‘माझा भुसा मी पदराखाली झाकला.’

मीही त्या क्षणी घाई केली नाही, आणि त्याचे मला आजही समाधान वाटते. दोष कोणाचा आणि दखल कोणी घ्यायची, हे दोन प्रश्न शरमेपोटी माणूस एकच करून टाकतो. पहिल्याचे उत्तर मनाला सोसवत नाही, म्हणून दुसराही तो टाळतो. काकूंनी ते दोन्ही स्वतःच्या तोंडाने वेगळे केले.

म्हणून हाच प्रश्न पडलेल्यांना माझे सांगणे असे आहे. बदललेल्या सांध्यातला संसर्ग बहुधा जिवाणूंचा असतो. जुना हेपॅटायटिस सी त्याचा धोका वाढवतो, विशेषतः यकृत कठीण झाले असेल तर. म्हणूनच शक्य असेल तेथे विषाणूवरचे उपचार आधी उरकावेत का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या आणि यकृताच्या, अशा दोन्ही डॉक्टरांना विचारावे. बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, आणि 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. जखम झिरपली, गुडघा लाल किंवा गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जिवाणू बसवलेल्या सांध्याच्या धातूवर थर धरून बसले की केवळ गोळ्यांनी ते हटत नाहीत. घरात उरलेली प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण त्यामुळे सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जिवाणू सापडणे अवघड होते. जेवणाची भांडी वेगळी नकोत, पण रक्त लागू शकते म्हणून वस्तरा, दात घासण्याचा ब्रश आणि नेलकटर मात्र वेगळेच ठेवावेत.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. बरे झाल्यावरही अँटीबॉडीची चाचणी पॉझिटिव्हच येते. आजार गेला की नाही, हे औषधे संपल्यावर 12 आठवड्यांनी रक्तातला विषाणू मोजून ठरते. काकूंच्या त्या तपासणीत विषाणू आढळला नाही. काठी घेऊन त्या आता कलमांपर्यंत जातात आणि नातवाला घावन भरवतात. फुलपात्रावरचा ठिपका मात्र अजून आहे. मी त्याविषयी विचारलेले नाही. पुढच्या भेटीत त्या स्वतःच विषय काढतील, असे वाटते.