जुन्या गाडीच्या मीटरमध्ये सगळे बल्ब एलईडी करावेत का?

आपण विचारले आहे की, 1997 सालच्या मारुती 800 चे मीटर रात्री नीट दिसत नाही, तर आतले सगळे बल्ब काढून पांढरे एलईडी टाकावेत का, आणि हे काम घरी जमेल का. मीटर उजळणारे बल्ब जरूर बदलावेत आणि ते काम घरीही जमते; मात्र आपल्या प्रश्नातला ‘सगळे’ हा शब्द तेवढा वगळावा. बॅटरीचे चित्र असलेल्या लाल दिव्याला तर हातच लावू नये.

हा हात मी लावलेला आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. माझ्या जुन्या गाडीचे मीटर एका रविवारी खोलले आणि दिसेल त्या होल्डरमध्ये एलईडी बसवून मोकळा झालो. दोन दिवसांनी रात्री रावेरहून जळगावला परतत होतो; केळीच्या ट्रकांमागे सावकाश चाललो असताना फैजपूरच्या पुढे हेडलाइट पिवळे पडू लागले आणि भुसावळला चहासाठी गाडी बंद केली, ती पुन्हा सुरूच होईना. दोष संपूर्णपणे माझा होता. आल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे व बॅटरी चार्ज करणारे यंत्र; जुन्या पद्धतीच्या बहुतेक आल्टरनेटरमध्ये हा लाल दिवा केवळ सूचना देण्यासाठी नसतो. चावी फिरवल्यावर बॅटरीतला प्रवाह याच बल्बच्या तारेतून आल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीत जातो आणि तिला सुरुवातीचे चुंबकत्व देतो, मग आल्टरनेटर स्वतःचे स्वतः भागवू लागतो. साध्या बल्बमधून यासाठी पुरेसा प्रवाह जातो, एलईडीतून मात्र अगदी क्षीण जातो, त्यामुळे इंजिनाचे फेरे बरेच वाढेपर्यंत आल्टरनेटर जागा होत नाही आणि कधीकधी होतच नाही. त्यातून माझा एलईडी उलटा बसला होता, म्हणजे त्यातून काहीच वाहत नव्हते आणि चार्जिंग होत नसल्याचे सांगणारा दिवाही विझलेलाच होता. जुना बल्ब परत लावल्यावर तक्रार संपली.

आता उजेडाच्या बल्बांकडे वळू. खर्च करण्यापूर्वी जुना बल्ब बाहेर काढून पाहावा, कारण वर्षानुवर्षे जळून त्याची काच आतून काळी पडते, होल्डरच्या पत्र्यावर गंज चढतो किंवा मीटरची अर्थिंग सैल होते. यांपैकी काहीही असले तरी उजेड मंदावतो आणि पॉलिश पेपरचा हलका हात व नवा साधा बल्ब एवढ्यावर काम भागू शकते. तरीही एलईडीच हवा असेल, तर होल्डरमधला कॅपलेस (धातूची टोपी नसलेला, नुसत्या काचेच्या बुडाचा) बल्ब सोबत घेऊनच दुकानात जावे. जाड बल्ब, ज्याला टी-10 म्हणतात, तो बहुधा 5 वॅटचा असतो आणि बारीक टी-5 हा 1.2 वॅटचा, दोन्ही 12 व्होल्टचे असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

साधा बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो, तर एलईडी नाकासमोर फेकतो. त्यामुळे टोकावर एकच चिप (उजेड देणारा ठिपका) असलेला एलईडी लावल्यास आकड्यांच्या पट्टीवर एक पांढरा डाग पडतो आणि 80 च्या पुढचे आकडे अंधारात राहतात. म्हणून ज्याच्या बाजूंवरही चिप आहेत असाच एलईडी मागावा. रंगाचेही तसेच. पुष्कळ मीटरमध्ये हिरवा किंवा निळसर रंग डायलच्या मागच्या छपाईचा असतो, नाहीतर बल्बवर चढवलेल्या रबरी टोपीचा. हिरव्या छपाईमागे लाल एलईडी लावला तर जवळजवळ अंधारच होतो. टोपी असेल तर ती काढून त्याच रंगाचा एलईडी घ्यावा.

निळसर पांढऱ्या उजेडाचा मोह मात्र आवरावा, हे माझे आग्रहाचे मत आहे. धुळे-जळगाव रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकांचे दिवे डोळ्यांना आधीच पुरेसे छळतात. त्यात मीटरही भगभगू लागले आणि त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडले, तर कडेने चाललेली विनादिव्याची बैलगाडी दिसायला उशीर होतो. 3000 केल्विनच्या आसपासचा पिवळसर आणि कमी ताकदीचा एलईडी पुरेसा आहे. मीटरचा उजेड कमी-जास्त करण्याची चकती जुन्या गाडीत असली, तरी एलईडी तिच्याने बहुधा साध्या बल्बसारखा नीट मंद होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

इंडिकेटरच्या बाणांबद्दल थोडक्यात सांगतो. काही जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्या दोन्हींसाठी मीटरमध्ये एकच दिवा असतो आणि त्यातून प्रवाह कधी इकडून, कधी तिकडून जातो; तेथे साधा एलईडी एकाच बाजूला लागेल. तो बल्ब जुनाच ठेवावा.

काम सकाळच्या गारव्यात करावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि अशा उन्हात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या जरा ओढताच तुटतात. आधी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी, मग स्क्रू काढून मीटर फक्त चार बोटे पुढे घ्यावे, कारण मागे स्पीडोमीटरची केबल जोडलेली असते आणि ती काढल्याशिवाय ओढल्यास केबल किंवा मीटर यांपैकी एक काहीतरी हाती येते. होल्डर पाव फेरा फिरवला की निघतो. त्याखालची तांब्याच्या रेघांची पातळ पट्टी फाटली तर दुरुस्ती किचकट होते, तेव्हा तेथे पेचकस घालू नये. काट्यांना तर स्पर्शही करू नये.

एलईडीला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह असते. म्हणून मीटर बंद करण्यापूर्वी बॅटरी जोडून पार्किंग लाइट लावून पाहावेत. जो पेटणार नाही तो होल्डरमध्ये उलटा फिरवून बसवावा. चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा पेटतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, एवढे पाहूनच स्क्रू आवळावेत. काढलेले जुने बल्ब फेकू नयेत, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावेत. मला भुसावळला ते जवळ असते तर रात्र गाडीत काढावी लागली नसती.