मेजर इंग्लिश ठरलं, आता मायनर कोणता?

‘बारावी आर्ट्स, मराठी माध्यम, इंग्रजीत 78. एफ.वाय.ला इंग्लिश लिटरेचर घेतेय. सोबत कोणता विषय घेऊ म्हणजे झेपेल आणि पुढे उपयोगही होईल?’ मुख्य विषय म्हणजे मेजर, सोबतचा दुय्यम विषय म्हणजे मायनर; प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. असाच प्रश्न घेऊन बारामतीकडची एक मुलगी वडिलांसोबत आली होती. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत.

वडिलांचं मत राज्यशास्त्राच्या बाजूनं. “मॅडम, उद्या स्पर्धा परीक्षा द्यायची म्हटलं तर कामाला येईल.” मैत्रिणी म्हणत होत्या, मानसशास्त्र घे, मार्क पडतात. तिला स्वतःला मराठी हवं होतं, पण ते बोलायलाच तिला अर्धा तास लागला. “मराठी घेतलं की सगळे म्हणणार, इंग्लिश झेपेना म्हणून घेतलंय.”

वडिलांची शंका लगेच मिटण्यासारखी होती. यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि वैकल्पिक विषय पदवीचाच असावा असं बंधन नाही. राज्यघटना, शासनव्यवस्था हे तर सामान्य अध्ययनात सगळ्यांनाच करावं लागतं. “म्हणजे मायनरवाचून काही अडत नाही,” मी म्हटलं. त्यांना ते पटलं; निदान त्यांनी मान तरी डोलावली.

मग तिला विचारलं, “सिलॅबस बघितलास?” नव्हता बघितला. घरात चार दिवस मायनरवर खल चालला होता, पण विद्यापीठाच्या वेबसाइटवरची पीडीएफ कुणी उघडलीच नव्हती. हे मला घरोघरी दिसतं. तिला प्रिंट काढून आणायला सांगितलं आणि सोबत एक काम दिलं: नेमलेल्या कोणत्याही कथेची दोन पानं वाचायची आणि घड्याळ लावून वेळ लिहायचा.

पुढच्या वेळी ती ती पानं घेऊन आली. पेन्सिलीनं प्रत्येक ओळीवर बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिले होते, समासात जागा उरली नव्हती. दोन पानांना पाऊण तास. चेहरा पडलेला. “कथेत झालं काय?” विचारलं तर सांगता येईना. शब्द सगळे कळले होते, गोष्ट निसटली होती. मग माझ्यासमोरच पुढची दोन पानं वाचायला दिली. डिक्शनरी बंद. जिथं वाक्यच अडेल तिथंच खूण करायची. बारा मिनिटं लागली, खुणा सात झाल्या, आणि या खेपेला तिनं गोष्ट सांगितली. मराठीत सांगितली, तरी मला चालली.

आता हिशेब मांडता आला. पानाला सहा मिनिटं, म्हणजे दोनशे पानांच्या कादंबरीला वीस तास. रोज दीड तास धरला तर दोन आठवडे, आणि तेही एकाच वाचनाचे. दुसरीकडे सेमिस्टरला 22 क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक). थिअरीच्या एका क्रेडिटचे साधारण 15 तास धरले तर आठवड्याला वीस-बावीस तास वर्गातच जातात. त्यात इंग्लिश किती? ओपन इलेक्टिव्ह (आपण निवडायचा जादा पेपर), भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, कौशल्याचे पेपर हे सगळं त्या 22 मध्येच बसतं. पहिल्या वर्षी साहित्याचा वाटा पाहून बऱ्याच मुलांचा हिरमोड होतो. तो वाटा दुसऱ्या वर्षापासून वाढतो, आणि वाचनाची खरी दमछाकही तेव्हाच सुरू होते.

म्हणून कादंबरी सेमिस्टरमध्ये पहिल्यांदा उघडायचीच नाही, असं आम्ही ठरवलं. सम सेमिस्टरची कादंबरी दिवाळीच्या सुट्टीत, विषम सेमिस्टरची मे महिन्यात. नाटक आणि कविता वर्ग चालू असताना. त्यांची पानं कमी असतात, पण पुन्हापुन्हा वाचावी लागतात. गाइड आणायला माझी हरकत नाही, फक्त ते मूळ पुस्तकानंतर उघडावं. (गाइड वाचूनच पास होता येतं, हे मलाही माहीत आहे. तिला तेवढंच हवं असतं तर ती माझ्याकडे आली नसती.)

ओपन इलेक्टिव्हला ती ‘सिनेमा आणि साहित्य’सारखं काहीतरी शोधत होती. महाराष्ट्रातल्या रचनेत तो पेपर मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो, त्यामुळे वाणिज्य किंवा विज्ञानाची यादी बघ म्हटलं. तिथं हलका पेपर घेतला तरी बिघडत नाही.

आता मायनर. एरवी मी इंग्लिशसोबत इतिहास सुचवते. कारखानदारी, साम्राज्य, महायुद्धं यांची ओळख नसेल तर एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं निम्मं साहित्य हवेत राहतं. पण या मुलीचा कल स्पष्ट होता. ‘हॅम्लेट’चं आगरकरांनी ‘विकारविलसित’ केलं, ते पुस्तक 1883 मध्ये आलं, असं सांगितल्यावर तिनं वहीत लिहून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “दोन्ही शेजारी ठेवून प्रोजेक्ट करता येईल?” कॉलेजनं मान्यता दिली तर नक्की येईल. भाषांतर, प्रूफरीडिंग, उपशीर्षकं या कामांना दोन्ही भाषा पक्क्या असलेली माणसं लागतात, हेही वडिलांच्या कानावर घातलं. लोकांच्या बोलण्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. तिनं मराठी घेतलं.

वडिलांचा जाता जाता प्रश्न: पदवी तीन वर्षांची की चार? ते आज ठरवायची गरज नाही. चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्सचं करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के लागतात, तेवढं ध्यानात असू द्यावं. मात्र फॉर्म भरण्याआधी कॉलेजात तीन गोष्टी विचाराव्यात. चौथं वर्ष इथं चालतं का? काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी मेजर-मायनर ठरवतात, तसं इथं आहे का? आणि हव्या त्या मायनरला शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, की विषय फक्त प्रॉस्पेक्टसमध्ये आहे? तिसरा प्रश्न ऑफिसात न विचारता एस.वाय.च्या मुलांना विचारावा.