आठ पानांतला एक परिच्छेद

चि.

अनेक आशीर्वाद.

तुझं आठ पानी पत्र परवा आलं. तेव्हापासून दोनदा वाचून झालं. नोकरी सोडून सिंधुदुर्गात आजोळच्या बंद घरात एकटीनं राहायला जायचं तू जवळजवळ ठरवलंयस. ज्याला माणूस व्हायचंय त्यानं चाकोरी सोडलीच पाहिजे, हे अमेरिकन विचारवंत इमर्सनचं म्हणणं दोन ठिकाणी अधोरेखित केलंयस. ते तुम्हाला वर्गात मीच शिकवलं होतं. त्यामुळे उत्तर देणं मला भागच आहे.

जा किंवा जाऊ नकोस, हे मी सांगणार नाही. मला जे दिसलं ते सांगते. तुझ्या पत्राच्या प्रत्येक पानावर लोक आहेत. ऑफिसातले लोक, सोसायटीतले लोक, स्थळं घेऊन येणारे लोक, आणि त्या सगळ्यांपेक्षा तू कशी वेगळी आहेस ते. पाचव्या पानावर मात्र एक परिच्छेद असा आहे, ज्यात कुणीच नाही. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर जाळं बांधणारा कोळी आणि चार महिने तू त्याची ठेवलेली वही. आधी चाकाच्या आऱ्यांसारखे धागे, मग मधून बाहेर जाणारा बिनचिकट धागा आणि शेवटी बाहेरून आत येणारा चिकट धागा. हे सगळं पहाटे उठून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलंयस. इमर्सन ज्याला 'स्वतः' म्हणतो ते मला तिथं सापडलं. बाकीच्या पानांवर तू लोकांकडे पाठ केली आहेस खरी, पण पाठ करायलासुद्धा लोक कुठं उभे आहेत ते सारखं बघावं लागतं.

इमर्सननं चाकोरी सोडली ती कशी, हे नीट बघ. १८३२ साली तो २९ वर्षांचा होता आणि बॉस्टनच्या एका प्रतिष्ठित चर्चचा पाळक होता. आदल्याच वर्षी त्याची तरुण बायको क्षयानं गेली होती. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा, विधी करताना आपलं मन त्यात नसतं, हे त्याला कळून चुकलं होतं. सप्टेंबरात तो व्यासपीठावर उभा राहिला, या विधीबद्दल आपल्याला काय वाटतं ते त्यानं शांतपणे, शास्त्राधारासकट मांडलं आणि पाळकपद सोडलं. त्या प्रवचनाच्या शेवटाकडे तो म्हणतो की या विधीशी माझं वैर नाही, माझं मन त्यात नाही एवढंच मी सांगतो आहे. ही जागा वाचताना मला दरवेळी भरून येतं. समोर बसलेल्या माणसांना तो मूर्ख ठरवत नाही. जे मनात नाही ते हातानं करायचं नाही, इतकंच त्याचं म्हणणं. किंमत त्यानं पुढेही मोजली. १८३८ साली हार्वर्डच्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्यानं भाषण केलं, आणि मग जवळजवळ तीस वर्षं तिथून त्याला बोलावणं आलं नाही.

माझी एक गोष्ट सांगते. ती मी फार जणांना सांगितलेली नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका कॉलेजात, अंतर्गत परीक्षेचे गुण सरसकट वाढवायचा ठराव स्टाफच्या बैठकीत आला. चुकीचं आहे हे मला लख्ख दिसत होतं. कागद टेबलावरून सरकत सरकत माझ्यापुढे आला. माझ्या आधी अकरा सह्या होत्या. मी बारावी केली. दोन महिन्यांनी नुकतीच लागलेली एक मुलगी तशाच बैठकीत उठली आणि माझ्या मनात त्या दिवशी होतं ते जवळजवळ शब्दन् शब्द बोलली. इमर्सनच्या आत्मनिर्भरतेवरच्या निबंधात, १८४१ सालच्या, अगदी सुरुवातीलाच हे आहे: आपण टाकून दिलेले विचार एक दिवस परक्याच्या तोंडून ऐकावे लागतात, आणि आपलंच मत आपण लाजत दुसऱ्याकडून घेतो. तोवर तो निबंध मी शिकवत होते. त्या दिवशी मला तो समजला.

आता इमर्सनचा तरुण लेखक मित्र थोरो, कारण आजोळच्या घराची कल्पना तुला त्याच्यावरूनच सुचली आहे. ४ जुलै १८४५ ला तो वॉल्डन तळ्याकाठच्या खोपटात राहायला गेला. दहा फूट बाय पंधरा फूट. जागा इमर्सनच्या मालकीची होती आणि कॉन्कॉर्ड गाव चालत जाण्याच्या अंतरावर होतं. खोपटासाठी फळ्या हव्या होत्या म्हणून रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्यानं सव्वाचार डॉलरला घेतली आणि खिळे उपटून सोडवली. सगळा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. घेवड्याचं पीक घेतलं त्यात खर्च जाऊन ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट उरले. खाण्याच्या खर्चाच्या यादीत दोन सेंटचं एक कलिंगडसुद्धा आहे, आणि ते त्यानं फसलेल्या प्रयोगांत धरलंय. हे आकडे मी वर्गात भराभर वाचून पुढे जायचे, त्याचं आता वाईट वाटतं. स्वतंत्र जगणं कितीला पडतं आणि त्यात कुणाकुणाचं देणं आहे, हे त्यानं पै-पैचा हिशेब मांडून लोकांपुढे ठेवलं. तुझ्या आठ पानांत विजेचं बिल नाही, छपराची कौलं नाहीत, पावसाळ्यात आजारी पडलीस तर दार कोण वाजवेल ते नाही. हे लिहून काढ. घाबरवायला म्हणत नाही. हा हिशेब मांडला की जायचं मन राहतं की नाही, हे तुझं तुलाच कळेल.

आणि तो तिथून परतलाही. दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवसांनी. का परतला त्याचं कारण त्यानं साधं दिलंय: आणखी काही आयुष्यं जगायची बाकी आहेत असं वाटलं. पुढे लिहितो की राहायला जाऊन आठवडा झाला नाही तोच दारापासून तळ्यापर्यंत माझ्याच पावलांनी पायवाट पडली होती. बघ, रानात एकट्या माणसाचीसुद्धा चाकोरी होते. म्हणून गेलीस आणि वर्षानं परत यावंसं वाटलं, तर हरले असं समजू नकोस. काल म्हटलं त्याच्याशी आज जुळलंच पाहिजे हा हट्ट इमर्सनला कोत्या मनाचं लक्षण वाटायचा.

एका जागी माझं त्याच्याशी जमत नाही, तेही सांगते. आत्मनिर्भरतेवरच्या त्याच निबंधात तो विचारतो, गरिबांचं भलं करायचं म्हणता, पण ते काय माझे गरीब आहेत? हे वाक्य मला आजही खुपतं. पण पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाच्या हवाली करायचा कायदा १८५० साली झाला, तेव्हा हाच माणूस पुढच्या वर्षी कॉन्कॉर्डच्या लोकांपुढे उभा राहून त्या कायद्याविरुद्ध बोलला. गुलामी पोसणाऱ्या सरकारला डोईपट्टी द्यायची नाही म्हणून १८४६ साली थोरो एक रात्र तुरुंगात होता, तोही वॉल्डनला राहत असतानाच. आपल्या दुर्गाबाई भागवतांनी थोरोचं 'वॉल्डन' हे पुस्तक मराठीत आणलं, आणि आणीबाणीत, १९७५ साली, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या लेखनस्वातंत्र्यासाठी उघड बोलल्या. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. यांच्यातलं कुणी लोकांना टाकून गेलेलं नव्हतं. तुझी आई फोनवर रडली असं तू एका ओळीत लिहिलंयस आणि पुढे गेली आहेस. त्या ओळीवर थांब. तिला काय वाटतं ते एकदा समोर बसून ऐक, मग तुला करायचं ते कर.

२२ ऑक्टोबर १८३७ ला कुणीतरी, बहुधा इमर्सननंच, विशीतल्या थोरोला विचारलं, हल्ली काय करतोस, रोजनिशी ठेवतोस का? त्यानं त्याच दिवशी पहिली नोंद केली आणि पुढे जवळजवळ मरेपर्यंत लिहीत राहिला. कोणतं फूल कुठल्या तारखेला उमललं हेही १८५० च्या दशकात तो टिपत होता. आज शास्त्रज्ञ त्याच नोंदींवरून कॉन्कॉर्डमधली फुलं किती दिवस आधी उमलू लागली ते मोजतात.

म्हणून राजीनाम्याचं काय झालं हे मी इतक्यात विचारत नाही. पुढच्या पत्रात त्या कोळ्याचं लिही. परवाच्या वादळी पावसात जाळं गेलं असेल. त्यानं पुन्हा त्याच फांदीवर बांधलं का, आणि पहिला धागा कुठून टाकला?

तुझ्या,
बाई