गेम, कॉमिक्स आणि भिंतीवरची चित्रं: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्हिडिओ गेम, कार्टून आणि कॉमिक्सवर आधारित चित्रांची प्रदर्शनं मुंबईत आता वरचेवर भरतात. मागच्या अंकातल्या लेखानंतर त्याविषयी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला काळा घोड्याजवळ गेमवरच्या चित्रांचं प्रदर्शन पाहायचंय. मी स्वतः कधी गेम खेळलेले नाहीत. आत तिकीट असतं का? किंमत विचारली तर घ्यावंच लागतं का? आणि मी नेमकं बघू काय? (एक आई, डोंबिवली)

किंमत विचारली म्हणून काही घ्यावं लागत नाही, तेव्हा हा संकोच आधी मनातून काढून टाका. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत आहे. वेळ साधारण सकाळी ११ ते संध्याकाळी ७. तिथली बहुतेक प्रदर्शनं मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. त्यामुळे सोमवारी उशिरा पोचलात तर चित्रं उतरवण्याची गडबड सुरू असते. समोरची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत सोमवारी बंद असते. खासगी गॅलऱ्यांचे सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत, कित्येक रविवारी बंद असतात, म्हणून फोन करूनच निघा. डोंबिवलीहून सीएसएमटीला उतरलात की पुढे पंधरा-वीस मिनिटं चालायचं. भुयारी मेट्रोने येणाऱ्यांना हुतात्मा चौक स्टेशन जवळ पडतं.

टेबलावर किमतींची यादी ठेवलेली असते, ती मागून घ्या. चित्राशेजारी लाल टिकली दिसली की ते विकलं गेलंय असं समजा. पाठीवरची सॅक पुढे घ्यायला मुलाला सांगा, कारण वळताना चित्राला धक्का लागतो तो सॅकचाच. ओली छत्री बाहेरच ठेवा.

आता बघायचं काय. गेम खेळता येत नाही म्हणून चित्र कळणार नाही, असं अजिबात नाही. उलट चित्रकाराने किती थोड्या साधनांत काम भागवलंय ते तुम्हाला जास्त स्वच्छ दिसेल. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५चा गेम घ्या. अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. जागा वाचवायची म्हणून त्यातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप यांचा आकार तंतोतंत एकच ठेवला, फक्त रंग बदलला. हा गेम ज्या यंत्रावर चालायचा, त्यावर एका हलत्या आकृतीच्या तुकड्याला तीनच रंग मिळायचे. मारिओची मिशी, टोपी आणि डांगरीही अशाच अडचणीतून आली. इतक्या कमी ठिपक्यांत तोंड आणि केस दाखवणं अवघड होतं, म्हणून मिशी रंगवली आणि टोपी घातली. डांगरीमुळे हात अंगापासून वेगळे दिसले. मुलाला ढग आणि झुडपाची जोडी शोधायला सांगा. एकदा ती सापडली की पुढच्या प्रत्येक चित्रात तो अशा युक्त्या आपणहून शोधू लागेल.

प्रश्न: हे सगळं पोरखेळ वाटतं. आम्ही जहांगीरला चांगली चित्रं पाहिलेली माणसं. याला कला का म्हणायचं? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

काका, तुमची शंका रास्त आहे आणि ती जगातल्या मोठ्या संग्रहालयांनाही पडली होती. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२मध्ये १४ व्हिडिओ गेम आपल्या कायमच्या संग्रहात घेतले, त्यात १९८०चा 'पॅक-मॅन' आणि १९८४चा 'टेट्रिस' आहेत. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियमने ८० गेमचं मोठं प्रदर्शन भरवलं. लॉस एंजेलिसमध्ये तर २००४पासून फक्त सिनेमा, टीव्ही आणि गेमवरच्या चित्रांसाठी 'गॅलरी १९८८' चालू झाली.

पण परदेशातल्या शिक्क्यापेक्षा पुण्यातलं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. तिथल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२०मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. त्यातली दृश्यं पहाडी लघुचित्रांच्या वळणाची आहेत, आणि कथेचे भाग सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळासारखे उलगडतात. लघुचित्रं तुम्ही पाहिलेली असतील तर हा गेम नातवापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल. नातवाला तो लावून द्यायला सांगा आणि शेजारी बसून फक्त पार्श्वभूमी बघा.

प्रश्न: प्रदर्शनात पिक्सेलची चित्रं अगदी धारदार दिसतात. मी स्वतः काढलेलं चित्र दुकानात ए-थ्री आकारात छापून घेतलं तर कडा धुरकट आल्या आणि चौकोन लहान-मोठे झाले. दोष दुकानदाराचा की माझा? (एक विद्यार्थी, विलेपार्ले)

दोष बहुधा फाइल मोठी करण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो तुम्हाला घरीच दुरुस्त करता येईल.

पिक्सेलचं, म्हणजे छोट्या चौकोनी ठिपक्यांचं चित्र नेहमी पूर्णांकानेच मोठं करायचं. समजा, तुमचं चित्र १६० बाय १४४ पिक्सेलचं आहे, म्हणजे १९८९च्या 'गेम बॉय' या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पडद्याएवढं. ते बरोबर २० पट केलं की ३२०० बाय २८८० होतं. इंचाला ३०० ठिपके धरले तर कागदावर ते २७.१ बाय २४.४ सेंटिमीटर भरतं आणि मूळचा एकेक पिक्सेल साधारण १.७ मिलिमीटरचा स्वच्छ चौकोन होतो. ए-थ्रीची रुंदी २९.७ सेंटिमीटर आहे, त्यामुळे कागद उभा धरला तर दोन्ही बाजूंना सव्वा सेंटिमीटर समास राहतो. हाव धरून कागद पूर्ण भरायला गेलात तर चित्र २१.९ पट करावं लागतं. मग काही चौकोन २१ ठिपक्यांचे, काही २२ ठिपक्यांचे होतात, आणि चेहऱ्यावर तर हा फरक लगेच डोळ्यात भरतो. समास राहू द्या, तो शोभतो.

मोठं करताना सॉफ्टवेअरमध्ये 'निअरेस्ट नेबर' ही पद्धत निवडा. 'बायक्युबिक' किंवा 'बायलिनिअर' ठेवलंत तर दोन रंगांच्या सीमेवर मधल्या छटा भरल्या जातात. तुमच्या धुरकट कडा त्याच. फाइल पीएनजीमध्ये ठेवा. जेपीजीमध्ये सपाट रंगाच्या कडेला मळकट कण उमटतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलंत तर चित्र आणखी दाबलं जातं. पेनड्राइव्हवर न्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुकानात एवढंच सांगा, "शंभर टक्के साइझला मारा, फिट टू पेज नको." हे वाक्य राहून गेलं तर घरी घेतलेली सगळी मेहनत वाया जाते.

एक गोष्ट मात्र प्रदर्शनातही जरूर बघा. जुने गेम पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी काढलेले होते आणि ती ट्यूब रंग थोडे एकमेकांत मिसळायची. १९९१च्या 'सॉनिक' या गेममधला धबधबा प्रत्यक्षात उभ्या पट्ट्यांचा आहे. एक पट्टी पाण्याची, एक मोकळी. साध्या व्हिडिओ वायरने जोडलेल्या जुन्या टीव्हीवर त्या पट्ट्या विरघळून पाणी पारदर्शक दिसायचं. आजच्या पडद्यावर किंवा छापील कागदावर त्याच पट्ट्या कंगव्यासारख्या दिसतात. त्यामुळे धारदार छपाई नेहमीच मूळ चित्राशी प्रामाणिक असते असं नाही. काही कलाकार मुद्दाम आडव्या रेषा आणि किंचित पाझरलेले रंग छापतात, त्याचं कारण हे.

प्रश्न: प्रदर्शनातल्या जुन्या टीव्हीचे फोटो काढले की मोबाइलमध्ये काळे पट्टे येतात. (एक वाचक, ठाणे)

पिक्चर ट्यूबवरचं चित्र एकदम उमटत नाही, वरून खाली ओळीओळीने रंगवलं जातं. मोबाइलचं शटर त्याहून लवकर मिटलं की अर्धवट रंगवलेला पडदा टिपला जातो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/२५ किंवा १/५० सेकंदावर ठेवा. यंत्र जपानी किंवा अमेरिकी पद्धतीचं असेल तर १/३० किंवा १/६०. हात स्थिर ठेवायला भिंतीला टेका. ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी चालत नाही. फोटोत इंद्रधनुषी लाटा आल्या तर अर्धं पाऊल मागे सरका किंवा कोन थोडा बदला. फ्लॅश कुठेही नको. एलईडी दिव्यांखाली कागदावरच्या चित्रांवरही पट्टे येत असतील तर १/५० किंवा १/१०० ने ते जातात.

प्रश्न: भाचीला लहानपणी फिट येत असे. तिला अशा प्रदर्शनाला न्यावं का? (एक मावशी, बोरिवली)

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. प्रकाशामुळे तिला फिट येते का, हे त्यांनाच नीट सांगता येईल. भिंतीवरच्या स्थिर चित्रांचा सहसा त्रास होत नाही, धोका असतो तो लखलखणाऱ्या पडद्यांचा. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप सर्वांत त्रासदायक. जपानमध्ये डिसेंबर १९९७ला 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. आत अंधाऱ्या खोलीत पडदे लावलेत का, ते दारावरच विचारा. अचानक लखलखाट सुरू झाला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवायला तिला शिकवून ठेवा. दोन्ही डोळे नुसते मिटून पुरत नाही, पापणीतून उजेड आत जातो.

प्रश्न: प्रिंट घेताना फसवणूक कशी ओळखावी? आणि मारिओचं चित्र विकणं कायदेशीर आहे का? (दोन पत्रं, दादर आणि वाशी)

घड्याळजी वापरतात तसं दहापटीचं भिंग जवळ ठेवा. साध्या ऑफसेट छपाईत रंगीत ठिपक्यांची नियमित फुलं दिसतात. चांगल्या इंकजेट प्रिंटमध्ये, ज्याला जिक्ले म्हणतात, फवारल्यासारखे विखुरलेले बारीक कण दिसतात. स्क्रीन प्रिंटमध्ये ठिपके न दिसता सलग रंग दिसतो, तिरक्या उजेडात त्याचा थर जाणवतो आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे एक दुसऱ्यावर किंचित चढलेला असतो. ऑफसेट पोस्टर घेण्यात काही वाईट नाही, फक्त त्याला जिक्लेचा भाव देऊ नका.

विचारायचं ते हे: शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची) की डायची (विरघळलेल्या रंगाची), कागद सुती आणि आम्लमुक्त आहे का, एकूण प्रती किती. पेन्सिलने १२/५० लिहिलेलं असेल तर पन्नासांतली बारावी प्रत. त्याच चित्राच्या दुसऱ्या आकारात आणखी प्रती काढल्यात का, हेही विचारा. हा प्रश्न लोक विसरतात आणि मग पन्नासाच्या दोनशे झालेल्या कळतात.

कायद्याचं म्हणाल तर मारिओ हे पात्र निन्टेन्डो या जपानी कंपनीचं आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार परवानगीशिवाय त्याच्या प्रती काढून विकणं हे विकणाऱ्याच्या अंगाशी येऊ शकतं. प्रिंट घेऊन घरात लावणाऱ्याला अडचण नाही. पण कागद तुमचा झाला म्हणजे चित्राचा हक्क तुमचा होत नाही, त्यामुळे ते टी-शर्टवर किंवा हॉटेलच्या मेन्यूवर छापू नका. आमचं मत विचाराल तर कलाकाराने स्वतः कल्पिलेली पात्रं असलेली चित्रं आधी बघा. त्यात पैसाही सरळ त्याच्या हातात जातो.

प्रश्न: मागच्या पावसाळ्यात फ्रेममधलं पोस्टर काचेला चिकटलं आणि कडेने काळे डाग पडले. (एक वाचक, माहीम)

समुद्राजवळच्या घरांत हे फार होतं. काच थंड पडली की आतली दमट हवा तिच्या आतल्या बाजूला पाणी धरते, आणि काचेला टेकलेल्या कागदाची शाई तिला चिकटते. काळे डाग बुरशीचे. चिकटलेलं पोस्टर ओढू नका. काचेसकट कागद-जतन करणाऱ्याकडे न्या.

नवी फ्रेम करताना फ्रेमवाल्याला सांगा की कागद आणि काच यांच्यात निदान दोन-तीन मिलिमीटर अंतर हवं. ते आम्लमुक्त माउंट बोर्डाने मिळतं. कागद माउंटला चारही बाजूंनी चिकटवायचा नाही. वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या पुरतात, म्हणजे दमट हवेत त्याला फुगायला आणि कोरड्या हवेत आकसायला जागा राहते. चारही बाजूंनी आवळला की जूनमध्ये लाटा पडणारच. सेलोटेप तर नकोच, तिचा पिवळा डाग कागदात मुरतो. लॅमिनेशनही नको, ते परत काढता येत नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावा, म्हणजे भिंतीशी हवा खेळती राहील. ज्या भिंतीवर पावसाचा मारा असतो किंवा पलीकडे बाथरूम आहे, तिच्यावर काहीच टांगू नका. पावसाळा संपला की एकदा फ्रेम उतरवून पाठ तपासा.

प्रश्न: वडिलांच्या ट्रंकेत वेताळाचे जुने इंद्रजाल कॉमिक्स सापडलेत. फ्रेम करून भिंतीवर लावू का? (एक वाचक, परळ)

मूळ अंक लावू नका. इंद्रजाल १९६४ ते १९९० या काळात निघायचं, आणि अशा अंकांचा स्वस्त कागद उजेडात पिवळा पडून तुटू लागतो. मुखपृष्ठ ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून त्याची एक प्रत तुमच्या भिंतीपुरती छापून लावा. स्कॅन करताना अंक पूर्ण दाबून उघडू नका, पाठ फुटते. मूळ अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून, कपाटात उभे ठेवा. पोटमाळा नको, तिथे उकाडा जास्त. मऊ पीव्हीसीच्या फोल्डरला शाई चिकटते, तेही टाळा. कसर लागलेला अंक आधी वेगळा काढा. मधल्या पिना गंजल्या असतील तर त्या आतल्या बाजूने, पातळ चपट्या पट्टीने हळूच सरळ करून काढा आणि जागी सुती दोरा ओवा.